सिल्व्हराडोला ३.०८ चा अ‍ॅक्सल, मागे ट्रेलर आणि समोर आयसेनहॉवर टनेलचा चढ: ३.७३ की ४.१०?

कोलोरॅडोकर

मंडळी, क्राऊन-पिनियन (अ‍ॅक्सलमधली, चाकं फिरवणारी दातेरी जोडी) बदलायचा विचार आहे. माहिती आधीच सगळी देतो, म्हणजे उलटतपासणी नको.

गाडी २०११ ची शेव्ही सिल्व्हराडो १५००, क्रू कॅब, फोर बाय फोर, ५.३ लिटर व्ही-८, सहा स्पीडचा ६एल८० ऑटोमॅटिक. ग्लोव्ह बॉक्समधल्या स्टिकरवर जीयू४ लिहिलंय, म्हणजे ३.०८. जी८० (चाक घसरलं की लॉक होणारा डिफरेन्शियल) पण आहे. मूळ टायर २६५/७०आर१७, आता एलटी२८५/७०आर१७. मागे ट्रॅव्हल ट्रेलर, भरलेला ५,८०० पाउंड. गाडी, माणसं, सामान, ट्रेलर मिळून काट्यावर ११,७००.

सपाटीला ठीक. चढाला हाल. आय-७० ने परतताना सिल्व्हरथॉर्नपासून टनेलपर्यंत जो ७ टक्क्यांचा चढ आहे, तिथे ताशी ४५ मैलांवर गाडी दुसऱ्यात दम तोडते, पहिल्यात गेली की ओरडते, परत दुसऱ्यात. पूर्ण चढभर हाच खेळ.

प्रश्न: ३.४२, ३.७३ की ४.१०? फोर व्हील फक्त बर्फात लागतं, तर नुसता मागचा अ‍ॅक्सल बदलून भागेल का? रिकामी गाडी चालवताना मायलेज किती पडेल? आणि हे काम घरी होण्यासारखं आहे का?

शिमवाला

आधी शब्दांचा घोळ मिटवू, नाहीतर पुढे कुणीतरी उलटं समजून ३.०८ वरून २.७३ घेईल. ‘लो’ रेशो म्हणजे आकडा मोठा. ४.१० हा ३.०८ पेक्षा ‘लो’. पिनियनने ४.१० फेरे मारले की चाकाचा एक फेरा. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर सावकाश चालतो पण थांबत नाही, तीच गोष्ट.

आता तुमचा चढ. आरपीएमचं, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचं, सूत्र साधं आहे: ताशी मैल गुणिले अ‍ॅक्सल रेशो गुणिले गिअर रेशो गुणिले ३३६, भागिले टायरची उंची इंचात. तुमचा टायर ३२.७ इंच. मूळचा ३१.६ होता, म्हणजे नुसत्या टायरनेच तुमचा ३.०८ खाली येऊन जवळपास २.९८ झाला. ६एल८० चे गिअर ४.०३, २.३६, १.५३, १.१५, ०.८५, ०.६७.

४५ मैलांवर, दुसऱ्या गिअरमध्ये:
३.०८ ला सुमारे ३,३६०
३.७३ ला सुमारे ४,०७०
४.१० ला सुमारे ४,४७०

आणि ३.०८ वर त्याच ४५ ला पहिला टाकला तर ५,७४०. पहिल्या-दुसऱ्यामध्ये या गिअरबॉक्सची उडी मोठी आहे, ४.०३ वरून एकदम २.३६. तुमचा चढ नेमका त्या खड्ड्यात पडतो. टायरच्या उंचीवरून रेशो सांगणारे रंगीत तक्ते सगळीकडे फिरतात, त्यात हे कुठेच दिसत नाही. रेशो निवडायचा तो आपल्या चढाच्या वेगाला कुठला तरी एक गिअर ४,००० ते ४,५०० मध्ये बसतोय का हे पाहून.

४,००० च का? तुमच्या इंजिनाचा कमाल टॉर्क ३३५ पाउंड-फूट, तो ४,००० ला. पण तो समुद्रसपाटीचा. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद गमावतं. टनेल ११,००० फुटांच्या वर आहे. १०,००० फुटांवर ३० टक्के गेले असं धरा.

लागणारी ताकद: ११,७०० चे ७ टक्के म्हणजे ८१९ पाउंड नुसतं वर चढवायला. ४५ मैलांना त्याचे ९८ हॉर्सपॉवर. टायरचं घर्षण १५-१७, ट्रेलरच्या सपाट तोंडावरचा वारा साधारण २५. चाकाशी १४० लागतात.

मिळणारी ताकद, गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सलमधले १७ टक्के वजा करून, दुसऱ्या गिअरमध्ये: ३.०८ ला १२० च्या आत, ३.७३ ला १५०, ४.१० ला १६० च्या थोडं वर. १४० च्या खाली फक्त ३.०८ आहे. म्हणून ती दुसऱ्यात टिकत नाही. इंजिन कमकुवत नाही, त्याला फिरू दिलं जात नाहीये.

३.४२ विसरा. त्यात ११ टक्के वाढ, त्यातले साडेतीन टायरने आधीच खाल्लेत. दोन्ही अ‍ॅक्सल उघडायचा खर्च करून उरलेल्या सात-आठ टक्क्यांचं काय करणार?

दहाबाराचा पाना

शिमवाल्यांचं गणित बरोबर आहे, पण त्याच गणिताने मी ४.१० म्हणेन.

मजुरी तेवढीच. ३.७३ चा सेट आणि ४.१० चा सेट किमतीत उन्नीस-बीस. बेअरिंग किट तेच. मग २१ टक्क्यांवर का थांबायचं, ३३ घ्या. ३२.७ च्या टायरवर ४.१० म्हणजे मूळ टायरवरचा ३.९६ च होतो, उगाच भीती वाटण्याएवढा नाही. जुन्या चार स्पीडवाल्या गाडीला ४.१० टाकला की हायवेला इंजिन घोंघावायचं, कारण वरचा गिअर ०.७० होता आणि बाकीचे तीनच. तुमच्याकडे ०.६७ चा सहावा आहे. ६५ मैलांना सहाव्यात ४.१० वर १,८३५ आरपीएम. ही काय तक्रार करायची गोष्ट झाली? आत्ता तुम्ही १,३८० वर चालवताय, त्यात इंजिनाला श्वासच नाही. थोडा वारा आला की चौथ्या-पाचव्यात पडते.

दुसरा मुद्दा टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या मधली तेलाची जोडणी). कमी आरपीएमवर जड ओझं आलं की कन्व्हर्टरचं लॉक सुटतं, तेल घुसळलं जातं, गिअरबॉक्स तापतो. ४.१० वर लॉक जास्त वेळ धरून ठेवतं. ट्रेलरवाल्यांसाठी चढाच्या वेगापेक्षा हा फायदा मोठा, फक्त तो कानाला ऐकू येत नाही.

आता पुढच्या अ‍ॅक्सलचं. नुसता मागचा बदलून भागणार नाही. टू व्हीलमध्ये चालेल, तुमच्या गाडीत पुढचा शाफ्ट सुटा होतो. पण फोर व्हील टाकलं की दोन्ही प्रॉपेलर शाफ्ट एकाच वेगाने फिरणार. मागे ३.७३ आणि पुढे ३.०८ असेल तर पुढची चाकं २१ टक्के जास्त पळायला बघतात. डांबरावर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या शाफ्टना ताकद वाटणारा डबा) तुटते. ‘बर्फात चालेल, टायर घसरतील’ असं काही जण सांगतात. घसरतील, आणि ते पुढचे घसरतील. सतत घसरणाऱ्या टायरला स्टिअरिंग देता येत नाही, म्हणजे ज्या दिवसासाठी फोर व्हील घेतलं त्याच दिवशी गाडी सरळ जाणार. गाडीत ऑटो फोर व्हीलचा पर्याय असेल तर तो चुकून लागला तरी आतल्या क्लचच्या प्लेटा जळतात.

घाटरस्ता

पानासाहेब, ४.१० वर थोडं थांबा. दोन गोष्टी निसटल्या.

एक, पिनियनचे दात. या अ‍ॅक्सलच्या सेटमध्ये क्राऊनला ४१ दात असतात. ३.४२ ला पिनियन १२ दातांचा, ३.७३ ला ११, ४.१० ला १०, ४.५६ ला ९. क्राऊनची जागा तेवढीच, म्हणून पिनियन बारीक होत जातो आणि एका वेळी भिडणारे दात कमी. १० दातांचा काही उद्या मोडणार नाही, पण ४.५६ कडे बघायचं असेल तर हे लक्षात ठेवा.

दोन, कंपन. प्रॉपेलर शाफ्टचा वेग थेट रेशोने वाढतो. ७५ मैलांना ३.०८ वर शाफ्ट २,३७० ने फिरतो, ३.७३ वर २,८७०, ४.१० वर ३,१६०. क्रू कॅबचा शाफ्ट लांब असतो. आज ८० मैलांना एखादी बारीक थरथर असेल आणि तुम्ही तिकडे दुर्लक्ष करत असाल, तर ३.७३ नंतर तीच थरथर ६६ ला येईल, म्हणजे रोजच्या वेगाला. मग लोक क्राऊन-पिनियन बसवणाऱ्याला शिव्या घालतात. काम सुरू करण्याआधी युनिव्हर्सल जॉइंट हलवून बघा. जॉइंट बदलायचाच असेल तर शाफ्ट खाली आहे तेव्हाच बदला.

यांना वर्षातले किती दिवस ट्रेलर ओढायचा आहे? बाकी दिवस ऑफिस असेल तर ३.७३. ४.१० ला पहिला गिअर अ‍ॅक्सलचा रेशो गुणून १६.५ होतो, सिग्नलवरून निघालं की चौक ओलांडायच्या आत दोन गिअर बदलतात. सवय होते, पण आवडेलच असं नाही.

मायलेज: रिकाम्या हायवेला थोडं पडेल. या इंजिनात हलक्या ओझ्यावर चार सिलिंडर बंद होतात, त्याच्या वेळा बदलतील, पण उलथापालथ काही नाही. ट्रेलर लावून सहसा फरक पडत नाही, कारण तेव्हा सहावा लागतच नव्हता. ६५ मैलांना आत्ता चौथ्यात २,३७० वर चालते, ३.७३ नंतर पाचव्यात २,१२० वर चालेल. हिशेब तोच.

आणि कुणी सांगत नाही म्हणून सांगतो: रेशो बदलला म्हणून दरवाजाच्या स्टिकरवरची वजनाची मर्यादा वाढत नाही. ट्रेलरच्या जिभेचं वजन १० ते १५ टक्के, म्हणजे तुमच्याकडे ५८० ते ८७० पाउंड, हे सगळं गाडीच्या पाठीवर येतं. क्रू कॅबमध्ये चार माणसं आणि मागे कूलर असेल तर तिथलाच आकडा आधी संपतो. मॅन्युअलमध्ये अ‍ॅक्सल रेशोप्रमाणे गाडी-ट्रेलर मिळून किती वजन चालेल याचा तक्ता आहे, तोही काढून बघा.

कोलोरॅडोकर

मनापासून आभार. ट्रेलर वर्षाला सात-आठ वेळा. ३.७३ कडे कल आहे. स्पीडोमीटरचं काय करायचं? आणि घरी करण्याबद्दल कुणी बोललं नाही.

घाटरस्ता

स्पीडोमीटरचा सेन्सर गिअरबॉक्सच्या शेपटाकडे आहे. तो शाफ्टचे फेरे मोजतो, चाकाचे नाही. ३.७३ टाकून प्रोग्राम केला नाही तर काटा १७ टक्के जास्त दाखवेल: रेशोमुळे २१ वर, मोठ्या टायरमुळे साडेतीन खाली. काट्यावर ६५, रस्त्यावर साडेपंचावन्न. तिकीट मिळणार नाही हे खरं, पण गिअर बदलायच्या वेळा त्याच आकड्यावर ठरतात, आणि स्टॅबिलिटी कंट्रोलला चाकांचे सेन्सर एक सांगतात, गिअरबॉक्स दुसरं. दिवे लागतात. हातातला प्रोग्रामर किंवा एचपी ट्युनर्स सॉफ्टवेअरने रेशो आणि टायर दोन्ही घाला. नंतर जीपीएसशी ताडून बघा. छापील ३२.७ चा टायर ओझ्याखाली दबून जरा बुटका होतो, त्यामुळे दोन-तीन टक्क्यांची दुरुस्ती सहसा लागते.

एक स्वस्त वाटही आहे. भंगारातून याच पिढीच्या गाडीचा जीटी४ (म्हणजे ३.७३) स्टिकरवाला अख्खा मागचा अ‍ॅक्सल आणि पुढचा डिफरेन्शियल घ्यायचा. कारखान्यात बसवलेलं क्राऊन-पिनियन हलवायचं नाही, पाटे आणि ब्रेकलाइन जोडून मोकळं. घेण्याआधी कव्हर काढून दात बघा, नुसता स्टिकर बघू नका. स्टिकर गाडीचा असतो, अ‍ॅक्सल आधीच बदललेला असू शकतो. दात मोजा, ४१ आणि ११.

शिमवाला

घरी होतं का? मागचं होतं, हातात डायल गेज, इंच-पाउंडवाला टॉर्क पाना आणि बेअरिंग प्रेस असेल तर. यातलं एक जरी नसेल तर करू नका, कारण हे काम अंदाजावर चालत नाही. पुढचं गाडीखाली करू नका. खाली उतरवून टेबलावर घ्या, नाहीतर दुकानात द्या.

सामान: दोन क्राऊन-पिनियन सेट, दोन पूर्ण किट (बेअरिंग, सील, शिम म्हणजे जाडी जुळवायच्या चकत्या, क्रश स्लीव्ह, पिनियन नट, मार्किंग पेस्ट). किट मागवताना वर्ष नीट सांगा. मागच्या ८.६ इंची अ‍ॅक्सलचं २००९ पासूनचं किट वेगळं आहे, २००८ चं बसत नाही. पुढचा ८.२५ इंची आहे, त्यातही २००७ च्या आधीचं आणि नंतरचं वेगळं. मागच्याला कॅरिअर (क्राऊन ज्यावर बसतो तो भाग) तोच चालतो. ८.६ मध्ये २.७३ पासून वरच्या सगळ्या रेशोंना एकच कॅरिअर, त्यामुळे जी८० राहू द्या. तेल ७५डब्ल्यू-९० सिंथेटिक, मागे दोन लिटरच्या आसपास, पुढे त्याहून थोडं कमी, आणि नंतर ते बदलायचंही आहे म्हणून दुप्पट आणून ठेवा. जी८० मध्ये लिमिटेड स्लिपचं घर्षण कमी करणारं औषध घालू नका, बाटली किटसोबत आली तरी.

खोलताना. कव्हर काढलं की लगेच सुटं करू नका. आधी जुन्या जोडीचा बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) मोजून लिहून ठेवा. बेअरिंगच्या टोप्यांवर पंचाने डावी-उजवी खूण करा. त्या हाउसिंगसोबत मशीन केलेल्या असतात, अदलाबदल झाली की बेअरिंग वाकडं बसतं. मग आडवी पिन, सी-क्लिप, शाफ्ट बाहेर. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंचे शिम डावे-उजवे वेगळ्या पिशव्यांत ठेवा. मूळचे ओतीव शिम हातोड्याने ठोकलेत तर बिस्किटासारखे तुटतात.

क्राऊनचे दहा बोल्ट उलट्या आट्यांचे आहेत. एक मोडेपर्यंत दोन फुटी पाइप लावून चुकीच्या दिशेला जोर काढणारे खूप. बोल्टच्या डोक्यावर एल असतं, बघा.

पिनियन. जुन्या पिनियनच्या डोक्याखालचा शिम मायक्रोमीटरने मोजा. सुरुवात त्याच जाडीने करा, बहुतेक वेळा दोन-तीन हजारांश इंचाच्या आतच उत्तर असतं. नवं बेअरिंग पुन्हा पुन्हा दाबून-काढून खराब करण्यापेक्षा जुन्या आतल्या बेअरिंगचं भोक किंचित घासून सैल करा. ते हाताने सरकतं, त्यावर सगळे प्रयोग करा आणि शेवटी नवं दाबा.

बॅकलॅश ०.००६ ते ०.०१० इंच. क्राऊनच्या चार जागी मोजा, चारही आकडे दोन हजारांशाच्या आत हवेत. फरक जास्त आला तर क्राऊन आणि कॅरिअरच्या मध्ये कचरा किंवा भोकाच्या कडेला उठलेला धातू आहे, काढून कानशीने पुसा.

मग छाप, म्हणजे दात एकमेकांना कुठे भिडतात त्याची खूण. क्राऊनच्या तीन-चार दातांना पिवळी पेस्ट पातळ लावा, हाउसिंगसमोर एकदा, अर्धा फेरा फिरवून परत एकदा. क्राऊनला चिंधीने दाब देऊन पिनियन दोन्ही दिशांना फिरवा. बिना दाबाचा फिरवला तर छाप खोटा येतो. दाताच्या मधोमध, वरच्या कडेपासून आणि मुळापासून सारख्या अंतरावर, मऊ कडांचा अंडाकृती डाग दिसायला हवा. डाग मुळाशी घुसलेला आणि खालची कड धारदार: पिनियन खूप आत, शिम पातळ करा. डाग वरच्या कडेला चिकटलेला: पिनियन बाहेर, शिम जाड करा. डाग आतल्या किंवा बाहेरच्या टोकाकडे थोडा सरकलेला असेल तर मी त्यात जीव घालत नाही. मूळ आणि कड, ही खोली बरोबर आली की काम झालं. आणि शिम बदललात की बॅकलॅश बदलतो, तो परत लावून मगच छाप वाचा. दोन्ही एकदम बदललं की काय कशामुळे झालं ते कळत नाही.

क्रश स्लीव्ह सगळ्यात शेवटी, छाप पक्का झाल्यावर. ही लोखंडी नळी दाबायला भरपूर जोर लागतो, ३०० पाउंड-फुटांच्या आसपास, चार फुटी दांडा लागतो. नट फिरतोय, फिरतोय, पिनियन अजून डुगडुगतोय, आणि मग एकदम डुगडुग संपते. तिथून पुढे एका वेळी नटाची एक बोटभर हालचाल, लगेच इंच-पाउंडच्या पान्याने पिनियन फिरवून प्रीलोड (बेअरिंगवरचा दाब) बघायचा. नव्या बेअरिंगला १५ ते ३० इंच-पाउंड, मी २० च्या पुढे थांबतो. हा आकडा कॅरिअर आणि शाफ्ट नसताना, सीलसकट. ओलांडला तर नट सैल करून परत येता येत नाही. नळी एकदा चेपली की चेपली, नवी घाला. दोन जादा आणून ठेवा. एअर गनने हे करू नका, एका झटक्यात १५ चे ६० होतात आणि बेअरिंग महिन्यात निळं पडतं.

पुढच्यात वेगळं आहे: हाउसिंग दोन भागांत उघडतं आणि बाजूचे शिम नाहीत, आट्यांचे अ‍ॅडजस्टर आहेत. त्यांना खास पाना लागतो. छिन्नीने ठोकून फिरवलेत तर कडा तुटतात.

सांगलीचा_टेम्पो

वाचून मजा आली. इकडे बोलेरो पिकअपला हेच गणित लागू होईल का? घाटाला दुसरा-तिसरा अडतो.

दहाबाराचा पाना

गणित सगळीकडे तेच. आधी आपल्या गाडीचा रेशो खात्रीने काढा. मागचं एक चाक उचला, दुसरं जमिनीवर, गिअर न्यूट्रल. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टवर खडूची खूण करून त्याचे फेरे मोजा. जेवढे फेरे तेवढा रेशो. हे लॉकर नसलेल्या डिफरेन्शियलला.

मग घाटाला ज्या वेगाने अडता तो वेग, आणि तेव्हाचे दोन गिअर घालून आरपीएम काढा. वरच्या गिअरचा आकडा कमाल टॉर्कच्या खाली आणि खालच्याचा इंजिनाच्या कमाल आरपीएमच्या (कटऑफच्या) जवळ आला तर रेशोने फरक पडेल. दोन्ही आकडे टॉर्कच्या पट्ट्यातच येत असतील तर रेशो बदलून काही होणार नाही. ओझं जास्त आहे, किंवा टर्बो-इंजेक्टर तपासा. डिझेलचा पट्टा खाली असतो, ४,००० चा नियम तिथे लावू नका.

कोलोरॅडोकर

३.७३ नक्की. मागचा घरी, पुढचा उतरवून दुकानात. एक शेवटचं: नवं बसवल्यावर ट्रेलर किती दिवसांनी लावायचा?

शिमवाला

पहिल्या दिवशी १५-२० मैल हलक्या पायाने, मग थांबून पूर्ण थंड होऊ द्या. नव्या दातांचे उंचवटे एकमेकांवर घासून बसताना तेल जेवढं तापतं तेवढं नंतर कधी तापत नाही. तिथेच ओझं दिलं तर दातांचा कडकपणा जातो आणि कायमचा आवाज लागतो. ५०० मैल ट्रेलर नाही, मग तेल बदला. चुंबकावर करडी पेस्ट असणारच, ती चालते. बोटांना टोचणारे तुकडे नकोत.

पहिल्यांदा ट्रेलर लावाल तेव्हा १५ मैलांच्या आत थांबा, पंधरा मिनिटं थंड, मग पुढे. असे तीन टप्पे. पहिली सफर टनेलची ठेवू नका.

घाटरस्ता

आवाजाबद्दल एवढं: गॅस दिल्यावर कुईं आणि सोडल्यावर गप्प, किंवा उलट, असेल तर छाप बिघडलाय. दोन्ही वेळा सारखी घरघर आणि वेगाबरोबर वाढणारी असेल तर बेअरिंग. गॅस ना दिलेला ना सोडलेला, मधल्या स्थितीत टकटक: बॅकलॅश मोकळा किंवा पिनियनचा प्रीलोड गेला. शेवटच्या प्रकारात नट घट्ट करून बघू नका, उघडा.

आणि उतरताना टो-हॉल (ओझं ओढायचा मोड) लावून एम मध्ये (गिअर हाताने निवडायच्या जागी) तिसरा धरलात तर ३.७३ वर ४५ ला २,६४० आरपीएम मिळतं, आत्ता २,१८० मिळतंय. तेवढ्यात भागलं नाही तर दुसरा, ४,०७० वर, आणि ब्रेकला हात लावायची गरज फार कमी पडेल.

दहाबाराचा पाना

ब्रेकला *पाय*.

घाटरस्ता

पाय. मान्य.